क्वाड ५७ इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर : मूळ पार्ट मिळत नाहीत, घरी दुरुस्तीचा उद्योग करावा का?

कुंपणावरचा

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवळणाचा आहे पण इथे सगळ्या प्रकारची माणसं आहेत म्हणून विचारतो.

मी इंग्लंडात केंब्रिज आणि हंटिंगडनच्या मधल्या एका खेड्यात राहतो. आमच्या गल्लीतले एक आजोबा वृद्धाश्रमात गेले, त्यांची मुलगी घर रिकामं करत होती, तिने मला विचारलं की हे दोन जुने हीटर कोणाला हवे असतील का, नाहीतर कचऱ्यात. जाऊन बघतो तर हीटर कसले, क्वाड या इंग्लिश कंपनीचे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर, जोडी! तांबूस जाळी, किंचित बाक असलेला आकार, खाली बुटके लाकडी पाय, खरंच हीटर वाटावेत असेच दिसतात त्यामुळे तिचीही चूक नाही. मी दोन फेऱ्यांत उचलून आणले, बायको दारातच उभी होती, तिचा चेहरा वर्णन करत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : यात नेहमीच्या स्पीकरसारखा कागदाचा कोन नाही, चुंबक नाही. भोकं पाडलेल्या दोन पत्र्यांच्या मधे एक अतिशय पातळ प्लास्टिकची फिल्म ताणून बसवलेली असते. फिल्मवर कायम हजारो व्होल्टचा भार, आणि पत्र्यांवर गाण्याचा सिग्नल. एक पत्रा ओढतो, दुसरा ढकलतो, फिल्म हलते, आवाज येतो. माझ्या मॉडेलमधे मधलं पॅनेल वरच्या सुरांचं, त्याला १५०० व्होल्ट, आणि दोन बाजूंना बेसची पॅनेलं, त्यांना ६००० व्होल्ट. १९५७ ला बाजारात आला आणि १९८५ पर्यंत बनत होता. म्हणजे सगळ्यात नवा पीसही आता चाळिशीचा.

उजवा उत्तम वाजतोय. डावा मात्र पातळ, बेस जवळजवळ नाहीच, वरचा आवाज ठीक. चालू करून अर्धा तास ठेवला की थोडा अंगात येतो. मधेच टिक... टिक. एका दुरुस्तीवाल्याला फोटो पाठवले, त्याने न बघताच सांगितलं की बेसची दोन्ही पॅनेलं गेली, कारखान्यातलं मूळ पॅनेल आता मिळत नाही, पुन्हा बांधून देतो, आणि जो आकडा सांगितला त्यात पुण्याला दोघांचं जाऊन येऊन होतं.

तर प्रश्न असा : मूळ पार्टची वाट बघू, त्याला पैसे देऊ, की स्वतः उघडू? हातात सोल्डरिंग आयर्न धरता येतं, यापलीकडे दावा नाही.

वाफाळता_चहा

मी पहिला! विषय कळला नाही, पण चहा घेऊन बसलोय.

मेगरबुवा

कुंपणराव, थांबा. काहीही उघडायच्या आधी हे वाचा.

मी ३४ वर्षं हाय टेन्शनच्या, म्हणजे उच्च दाबाच्या विजेच्या कामात काढलीत त्यामुळे माझं हे पुराण ऐकूनच घ्या. ६००० व्होल्ट ऐकून लोक घाबरतात, पण फिल्मला तो कायमचा भार देणाऱ्या बायस सप्लायमधे करंट नगण्य असतो, झटका सणसणीत बसेल, हात झटकून मागे आदळाल, बहुधा आदळण्यानेच जास्त लागेल. खरा धोका दुसरीकडे आहे. ॲम्प्लिफायरकडून येणारे वीस-बावीस व्होल्ट आतला ट्रान्सफॉर्मर काही हजारांवर नेतो, आणि त्याच्यामागे ॲम्प्लिफायरची खरी ताकद उभी असते. तेव्हा गाणं चालू असताना मागचं झाकण काढून बोट घालायचं नाही. मेन्सचा प्लग काढा, ॲम्प्लिफायरची वायर काढा, चहा प्या, जेवा, मग हात लावा. तरीही आधी मेगओहमचा रेझिस्टन्स लावलेल्या काठीने अर्थला डिस्चार्ज करून घ्या. आणि एक हात खिशात. हे आमच्या साहेबांनी पहिल्या दिवशी शिकवलेलं.

दुसरं, वायरचे रंग बघा. त्या काळच्या इंग्लिश वायरिंगमधे लाल-काळी-हिरवी असायची, अगदी आपल्याकडे होती तशी. मधे कोणी हात मारला असेल तर कुठली कुठे जोडली असेल सांगता येत नाही.

आता रोगाकडे. वरचे सूर नीट आणि बेस गेलेला, तो पण हळूहळू अंगात येणारा, हे वाचून मला पॅनेलपेक्षा सप्लायवर संशय येतोय. पण आधी एक बिनखर्चाचं काम करा. गाणं लावा, दोन्ही स्पीकर तासभर चालू ठेवा, मग फक्त भिंतीतले मेन्सचे प्लग काढा, गाणं चालूच ठेवा. कुठला किती वेळ वाजत राहतो बघा.

अर्धवट_इंजिनिअर

प्लग काढल्यावर कसा वाजेल ओ बुवा? 🙂

मेगरबुवा

@अर्धवट, वाजतो. फिल्मवरचा भार लगेच पळत नाही. इन्सुलेशन सुकं आणि स्वच्छ असेल तर चांगला बराच वेळ वाजत राहतो आणि मग दिवा विझावा तसा मंद होत जातो. गळती असेल तर पटकन बसतो. मेगर म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, आणि यालाच आम्ही गरिबाचा मेगर म्हणतो.

तिरसट

मला हे घरी उघडण्याचं फॅडच पटत नाही. या कंपनीचं ब्रीद काय होतं माहितीये? मूळ आवाजाच्या शक्य तितक्या जवळ. कंपनीच्या संस्थापकाने, पीटर वॉकरने, आयुष्य घातलं त्यात. आणि तुम्ही त्यात कुठल्यातरी वेबसाईटवरची फिल्म आणि टपरीवरचा गोंद घालणार. मग तो क्वाड राहिला का? सरळ मूळ पार्ट असलेली दुसरी खराब जोडी शोधा आणि एकाचे दोन करा. नाहीतर शोभेला ठेवा.

शिवडी_नाका

तिरसटराव, दुसरी खराब जोडी खराबच असते हो, तिचं पण वय तेच. मी केलंय म्हणून सांगतो.

माझ्याकडे ६३ आहे, म्हणजे याचं पुढचं मॉडेल. वॉकरने १९६३ ला काम सुरू केलं म्हणून नाव ६३, बाजारात आलं १९८१ ला. (अठरा वर्षं! आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाला पण अजून तेवढी झाली नाहीत.) त्यात पट्ट्यांऐवजी गोल वर्तुळं आहेत, पाण्यात खडा टाकल्यावर लाटा जातात तसा सिग्नल मधून बाहेर थोडा थोडा उशिराने जातो. बायस सव्वापाच हजार व्होल्ट. एका स्पीकरमधे चार पॅनेलं. मुंबईत एका पारशी बाबांकडून घेतले.

पहिला पावसाळा आला आणि आमच्या घरात कायम कोणीतरी भजी तळतंय असा आवाज. चर्रर्र चुर्रर्र. आई खरंच स्वयंपाकघरात बघून आली. आतमधे सप्लायच्या बोर्डावर एक छोटा निऑन दिवा असतो, तो लुकलुकतो, जितकी गळती जास्त तितका भराभर. जानेवारीत तो निवांत असतो, जुलैत लग्नाच्या मांडवातल्या माळेसारखा. मी तेव्हा घाबरून दुसरी मेलेली जोडी पार्टसाठी घेतली. त्यातली पॅनेलं माझ्याहून वाईट निघाली. इतक्या वर्षांनी गोंद वाळतो, पत्रा फ्रेमपासून सुटतो, मग अंतर बदलतं आणि ठिणगी. शेवटी खराबातला खराब उघडून एपॉक्सीने पुन्हा चिकटवायला शिकलो. आणि मुख्य म्हणजे खोलीत एसी ड्राय मोडवर ठेवायला लागलो, अर्धा रोग त्यानेच गेला.

तात्पर्य काही नाही, फक्त इंग्लंडात दमट असतं का सध्या?

कुंपणावरचा

@शिवडी_नाका, फेब्रुवारी आहे, आजोबांच्या घरात दोन महिने हीटर बंद होता, भिंतींना ओल. म्हणजे असू शकतं.

@मेगरबुवा, प्लगचा प्रयोग केला. मजा आली राव. मन्सूरांची रेकॉर्ड लावली होती. उजवा प्लग काढल्यावर वीस मिनिटं गात होता, मग दुसऱ्या खोलीतून, मग शेजारच्या घरातून, मग पार हंटिंगडनहून गातायत असं वाटायला लागलं. डावा आधीच मंद होता पण तोही पंधरा-सोळा मिनिटं टिकला. म्हणजे गळती फार नाही?

आणि एक कबुली. मल्टिमीटर लावून बघितला. बेसच्या टोकाला डाव्याला ९० व्होल्ट आणि उजव्याला ३०० च्या आसपास. म्हणजे चांगला वाजणारासुद्धा मेलाय का?

मेगरबुवा

अहो काय करताय! हजार व्होल्टचं रेटिंग असलेला मीटर सहा हजाराला? मीटर वाचला कारण त्यानेच तो सप्लाय खाली पाडला म्हणून. तुमच्या मीटरचा रेझिस्टन्स १० मेगओहम. या सप्लायच्या मानाने तो जवळजवळ शॉर्टच झाला. नळाची करंगळीएवढी धार आहे आणि तुम्ही बादलीला भगदाड पाडून पाणी किती साचतं बघताय. हजार मेगओहमचा हाय व्होल्टेज प्रोब मिळतो, तो लावला तरी आकडा थोडा कमीच येतो. हे आकडे विसरा. पण डावा उजव्यापेक्षा कमी आहे एवढी तुलना घ्या, तेवढीच खरी.

निमाकाकू

मला यातलं ओ की ठो कळत नाही पण मन्सूर हळूहळू दूर जातायत हे वाचून अंगावर काटा आला. लिहीत राहा रे.

अर्धवट_इंजिनिअर

फिल्म बदलायचीच असेल तर एवढं काय अवघड, किचनमधली क्लिंग फिल्म लावायची आणि हेअर ड्रायर मारायचा. पातळच असते ना ती पण.

जर्सीतली_जाई

@अर्धवट, नाही चालणार. क्लिंग फिल्म पातळ असते पण ती ताणलेली राहात नाही, आठवड्याभरात सैल पडते. इथे पॉलिएस्टर लागते, मायलार म्हणतात ती, वरच्या सुरांना ६ मायक्रॉन आणि बेसला त्याच्या दुप्पट जाडीची वापरतात लोक. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे विचार करा. ती ताणून चिकटवली की मग गरम हवेने उरलीसुरली सुरकुती जाते.

आणि नुसती फिल्म लावून भागत नाही, तिच्यावर भार टिकायला लेप लागतो. तो पण विचित्र, वीज वाहिली पाहिजे पण अगदी नाइलाजाने वाहिली पाहिजे. पेन्सिलीतल्या ग्राफाइटची भुकटी कापसाने चोळ चोळ चोळायची आणि मग जवळजवळ सगळी पुसून काढायची. जास्त राहिली तर फिल्मवरचा सगळा भार एका जागी धावतो, ठिणगी पडते आणि भोक. कमी राहिली तर चार्ज व्हायला रात्र जाते.

माझ्याकडे क्वाड नाहीत, एका अमेरिकन कंपनीचे आहेत, वरती इलेक्ट्रोस्टॅटिक आणि खाली साधा वूफर. दहा वर्षांनी आवाज मंदावला. इथल्या लोकांनी सांगितलं पॅनेल काढ आणि अंघोळ घाल. मी म्हटलं चेष्टा करतायत. नाही, खरंच शॉवरखाली धरायचं, कोमट पाणी, आणि मग दोन-तीन दिवस कडकडीत वाळू द्यायचं. हजारो व्होल्टच्या मालाला धूळ अशी चिकटते ना, टीव्हीच्या जुन्या काचेला चिकटायची तशी. पाणी काळं निघालं! आवाज परत आला. नवऱ्याने व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाईकांना पाठवला, "जाई स्पीकरला न्हाऊ घालतेय".

कुंपणावरचा

मग मी पण...?

जर्सीतली_जाई

नाही!! ५७ ला पाणी अजिबात दाखवू नका. त्याची बांधणी वेगळी, आत काय काय चिकटवलंय. म्हणूनच त्याला पुढेमागे लाकडी चौकटीवर ताणलेली धूळ अडवायची वेगळी फिल्म असते. ती फाटली असेल तर आधी ती बदला.

वाफाळता_चहा

न्हाऊ घालून तीट लावली का ताई

तिरसट

बघा, ग्राफाइट चोळा, साबण लावा, अंघोळ घाला. यानंतर येणाऱ्या आवाजाला वॉकरचा आवाज म्हणायचं. मुळात त्याने लेप कसला लावला होता, किती लावला होता, हे घरी जुळवता येणारच नाही. माझा आक्षेप दुरुस्तीला नाही, नंतर "ओरिजिनल" म्हणून विकतात त्याला आहे.

पुडीवाला

बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. मी मिरजेचा. घरात तीन पिढ्या तबला-डग्ग्याचं काम, मी स्वतः नोकरीत गेलो पण सुट्टीत अजून वडिलांसोबत बसतो.

तिरसट साहेब, तबल्याची पुडी, म्हणजे वरचं ताणलेलं कातडं, फाटते. वाजवणारा वाजवतो म्हटल्यावर फाटणारच. मग आम्ही नवी पुडी चढवतो, वादी (ताण देणारी चामड्याची पट्टी) खेचतो, गट्टे ठोकतो. आजोबांच्या हातचं शिसवी खोड पन्नास वर्षांचं, पुडी मागच्या महिन्यातली. आजपर्यंत एकाही तबलजीने विचारलं नाही की मूळ पुडी मिळेल का. तंबोऱ्याची जवारी पण पुन्हा पुन्हा काढावी लागते. गिऱ्हाईक एवढंच बघतं की सूर लागतो का आणि कोणी चढवली.

जाईताईंनी लिहिलं ते वाचून मला तर हे सगळं ओळखीचंच वाटलं. ताणलेला पडदा म्हटलं की सगळा खेळ ताण सगळीकडे सारखा आहे का याचा. आम्ही पुडी चढवली की कडेकडेने बोटाने टिचकी मारत फिरतो, सोळा घरं, प्रत्येक घरात तोच सूर आला पाहिजे. जिथे उतरला तिथली वादी ओढायची. तुमच्या पॅनेलला पण असंच काही करतात का? आणि पुडीवरचा काळा गोल, ती शाई, ती पण थराथराने घोटून घोटून लावतात, एका दिवसात जाड थर दिला की तडकते. ग्राफाइट चोळून पुसून टाकायचं म्हटल्यावर मी हसलोच, आमच्याकडेही लावण्यापेक्षा घोटण्यातच दिवस जातो.

शिवडी_नाका

पुडीवाले भाऊ, दंडवत. हो, अगदी तेच करतात! ताण कमी पडला तर फिल्म एका पत्र्याकडे खेचली जाऊन तिथेच चिकटते, जास्त झाला तर खालचे सूर येत नाहीत. मी सायकलची ट्यूब वापरून टेबलाच्या कडेवर ताणतो आणि टिचकी मारून ऐकतो. तुमच्यासारखे कान नाहीत म्हणून मोबाईलवरचं ॲप.

निमाकाकू

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मधे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ना रे? अवांतर झालं, पण अभिमान वाटतो.

पुडीवाला

हो काकू. सतार आणि तंबोरा. आमच्या तबल्याचं अजून कोणी बघत नाही, असो 🙂

तिरसट

पुडीचं उदाहरण चपखल आहे, मान्य. पण तबल्याची पुडी ही बदलण्यासाठीच असते, तशी परंपरा आहे, माणसं आहेत. वॉकरने फिल्म बदलण्यासाठी बनवली नव्हती. एवढा फरक मी सोडणार नाही. कुंपणराव, काढाल ते जुनं पार्ट फेकू नका, डब्यात ठेवा आणि वर तारीख लिहा. एवढं केलंत तर मी गप्प बसतो.

बिनतारी

गप्प बसणार म्हणतायत, स्क्रीनशॉट घ्या रे कोणीतरी.

(माझ्याकडे याच तत्त्वावरचे जपानी हेडफोन आहेत, त्यांना ५८० व्होल्ट लागतात. डोक्याला पाचशे ऐंशी व्होल्ट लावून आरती ऐकतो. घरच्यांना सांगितलेलं नाही.)

मेगरबुवा

गप्पा छान चालल्यात पण रोगी बाजूलाच पडलाय. कुंपणराव, पंधरा-सोळा मिनिटं भार टिकला म्हणजे तुमच्या डाव्याची पॅनेलं बहुतेक ठणठणीत आहेत. भार त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीये. आता असं करा. दोन्ही स्पीकरमधले हाय व्होल्टेजचे ब्लॉक, म्हणजे तो बायस सप्लाय ज्यात असतो ते डबे, अदलाबदल करा. डाव्याचा उजव्यात, उजव्याचा डाव्यात. काढताना प्रत्येक वायरला चिठ्ठी लावा, फोटो काढा. रोग जागेवर राहिला तर पॅनेल, रोग ब्लॉकबरोबर गेला तर ब्लॉक. पार्ट कुठे मिळेल हा प्रश्न त्याच्यानंतरचा. तुम्ही लग्न ठरायच्या आधी हॉल बघताय.

कुंपणावरचा

बुवा, पाय कुठे आहेत तुमचे?

रोग ब्लॉकबरोबर गेला!! आता उजवा पातळ झालाय आणि डावा गातोय. पॅनेलं चारही बेसची ठणठणीत. आणि मी त्या माणसाला पैसे पाठवणार होतो. रात्री साडेअकराला बायकोला उठवून ऐकवलं, तिने एवढंच विचारलं की आता ते दिवाणखान्यातून कधी हलणार.

ब्लॉक म्हणजे एक बंद डबा, आत काळपट मेणासारख्या मसाल्यात सगळं बुडवलेलं. काहीही दिसत नाही. आता याचं काय?

हॅम्बुर्गचा_हापूस

अरे वा, मग तर सोपं झालं. आत डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे) आणि कपॅसिटर (भार साठवणारे) यांची शिडी असते. प्रत्येक पायरीवर व्होल्टेज वाढत जातं. खालच्या पायरीवरून १५०० काढून मधल्या पॅनेलला दिलेत आणि सगळ्यात वरच्या टोकावरून ६००० बेसला. म्हणून तुमचा वरचा सूर शाबूत आणि बेस गेलेला, वरच्या पायऱ्या मोडल्यात. जुन्यांमधे डायोडच्या जागी सेलेनियमचे रेक्टिफायर असायचे, ते वयाने खंगतात, आणि मसाल्यात ओल शिरली की कपॅसिटर गळतात.

गंमत म्हणजे हीच शिडी कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टनने १९३२ साली केंब्रिजला कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत वापरली, काही लाख व्होल्ट तयार करून लिथियमचं अणुकेंद्र फोडलं, १९५१ चं नोबेल त्यावर. (कल्पना त्याआधीची, ग्राइनाखर नावाच्या स्विस माणसाची.) म्हणजे तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मूळ पार्ट मिळत नाही म्हणून रडताय, मूळ विद्या गावातच आहे.

तयार ब्लॉक पण मिळतात, हौशी लोक बनवून विकतात. पण तुम्ही आयर्न धरता म्हणालात.

अर्धवट_इंजिनिअर

ओव्हनमधे ठेवून मेण वितळवा की.

निमाकाकू

अरे बाबा, त्या ओव्हनमधे उद्या केक करायचा असेल कोणाला तरी.

मेगरबुवा

काकूंना अनुमोदन. जुन्या कपॅसिटरच्या तेलात काय असेल सांगता येत नाही, त्याची वाफ घरात नको. आतलं खणून काढायची गरजच नाही. जुना ब्लॉक तसाच ठेवा (तिरसट खूश), फक्त आतला ट्रान्सफॉर्मर शाबूत असेल तर त्याची दोन टोकं बाहेर घ्या आणि शिडी नवीन बोर्डावर बाहेर बांधा.

बांधताना तीन गोष्टी. कपॅसिटर आणि डायोड हिशोबाच्या दुप्पट व्होल्टेजचे घ्या, एका डायोडला झेपत नसेल तर दोन एकामागे एक लावा. रेझिस्टरलाही व्होल्टेजचं रेटिंग असतं हे लोक विसरतात, साधा रेझिस्टर अडीचशे-तीनशे व्होल्टच्या पुढे भरवशाचा नाही, तेव्हा एकाच्या जागी दहाची माळ करा. आणि तिसरं, सोल्डर. टोकदार राहिलं की त्या टोकावरून हवेत गळती होते, अंधारात निळसर दिसते, फुसफुस ऐकू येते. आमचा फोरमन म्हणायचा, जॉइंटचा मोदक नको, लाडू करा. वरचं नाक राहता कामा नये. शेवटी बोर्ड स्पिरिटने धुवा, बोटांचे ठसे पण गळतात. आणि आधी साध्या कागदावर काढून दाखवा मला.

वाफाळता_चहा

मोदक नको लाडू करा... हसून हसून पुरेवाट. बाप्पा रागावतील बुवा.

शिवडी_नाका

सामान इकडून हवं असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला सगळं मिळतं, येताना कोणाबरोबर तरी पाठवतो. डायोड तर मुठीने देतात.

अजून एक, दुरुस्त झालं की जोशात आवाज वाढवू नका. ५७ ला ॲम्प्लिफायरकडून ३३ व्होल्टच्या पुढे चालत नाही, मधल्या पॅनेलमधे ठिणगी पडून भोक पडतं. त्या काळचा क्वाडचाच ॲम्प्लिफायर १५ वॅटचा होता, तो बिचारा तेवढं करूच शकत नव्हता म्हणून निभावलं. आताचे शंभर वॅटवाले एका ढोलाच्या ठोक्यात काम तमाम करतात. माझ्या मित्राने गणपतीत नाशिक ढोल लावला होता. अर्ध्या मिनिटात शांत. विसर्जनच.

कुंपणावरचा

दहा दिवसांनी येतोय, माफ करा.

बुवांना कागदावर काढून पाठवलं, त्यांनी दोन ठिकाणी लाल केलं (डायोड एक उलटा होता). मग बांधलं. सोल्डरचे लाडू तिसऱ्या प्रयत्नात जमले, पहिल्या बोर्डावर खरंच रात्री दिवे घालवून बसलो तर एका टोकावर निळी ठिपकी दिसली आणि अगदी बारीक हिस्स... ते नाक कापलं, पुन्हा सोल्डर वितळवून गोल केलं, ठिपकी गेली. ब्लॉकच्या जुन्या डब्यावर तारीख लिहून तो तसाच जागेवर ठेवलाय, तिरसटराव. पुढची धुळीची फिल्म कोपऱ्यात फाटलेली निघाली, तिथे नवीन ताणली, पुडीवाले भाऊंची आठवण काढत कडेकडेने टिचकी मारत फिरलो, एका कोपऱ्यात सूर उतरलेला होता तो हेअर ड्रायरने चढवला.

काल रात्री डाव्यात नवी शिडी घालून, उजव्याचा ब्लॉक उजव्याला परत देऊन, दोन्ही लावले. तासभर थांबलो. मन्सूरच लावले. डाव्यातून तंबोरा असा आला की मी खुर्चीतून उठून जाळीपाशी कान नेला (मग बुवांची आठवण होऊन मागे सरकलो).

पण एक घोळ झालाय. आवाज सगळा डावीकडे सरकलाय. इतके दिवस ज्या उजव्याला मी उत्तम म्हणत होतो तो आता डाव्यापुढे सर्दी झाल्यासारखा वाटतोय. म्हणजे तोही अर्धा मेलेलाच होता का?

मेगरबुवा

होता. सत्तर वर्षांच्या दोन भावांत जो जरा कमी खोकतो त्याला आपण धडधाकट म्हणतो.

डायोड उरलेत ना?

कुंपणावरचा

उरलेत. शनिवारी बसतो. बायको म्हणतेय या वेळी निदान जेवणाच्या टेबलावर नको.

तिरसट

दुसऱ्या डब्यावर पण तारीख लिहा.